पळस्प्याच्या नाक्यावर कुणीच नव्हतं

हसुराम, फळ्यावर तुझं नाव चुकलं.

मंडळाच्या खोलीबाहेरचा तो फळा, ज्यावर दर शनिवारी उद्याच्या फेरीचं ठिकाण आणि वेळ लिहितात, त्यावर आपल्या नव्या चिटणिसानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आपल्या सायकल मंडळाचे जुने सभासद श्री. हसुराम पुणेकर यांचे दुःखद निधन. रविवारी सकाळी शोकसभा.' त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. तो मंडळात आल्यापासून सगळे तुला पुणेकर म्हणताना त्यानं ऐकलं. तेच तुझं आडनाव, असं त्याला वाटलं. खाडीकाठच्या मिठागरातला माणूस पुणेकर कसा असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. आमच्यातल्या कुणालाच असले प्रश्न कधी पडले नाहीत.

तुझी लेक यमुना मंडळाची पिशवी परत करायला आली होती. पंप, पाने, सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, सगळं जागच्या जागी. तू गेल्यावर घरातलं माणूस पहिलं कुठे गेलं असेल तर मंडळाची वस्तू परत करायला. यमुना सातवी पास. फळ्यासमोर उभी राहून तिनं सगळं वाचलं, मग मला विचारलं, "मास्तर, आमचं आडनाव तं घरत. ह्यो पुनेकर कोन?"

सोळा वर्षं मी शाळेत पोरांना उत्तरं विचारतोय. तिच्यापुढे मात्र मंडळात लाडानं म्हणायचे, असं काहीतरी पुटपुटलो आणि फडक्यानं फळा पुसायला लागलो. ती बघत राहिली. मला वाटतं, लाडाची नावं अशी घाईघाईनं पुसत नाहीत, हे तिला समजलं.

म्हणून हे लिहायला बसलो. तुला वाचायला मीच शिकवलं होतं, आणि हे वाचायला तू नाहीस.

त्या पहिल्या फेरीला आपण दोघंही नवे होतो. मी बावीस वर्षांचा, शाळेत नुकताच लागलेला. हेडमास्तरांच्या शिस्तीप्रमाणे रोज धोतर, कोट, टोपी. सायकल माझी नव्हती, मेहुण्याची होती. ती एवढी उंच, की थांबायचं झालं तर आधी ओटा शोधावा लागे. मंडळात जाण्याचं कारणही सांगून टाकतो. गावातले वकील, दुकानदार, कचेरीतली माणसं तिथे होती, आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. व्यायामाचं मी आईला सांगितलं होतं.

तुला अप्पांनी आणलं होतं. अप्पा वकील, मंडळ त्यांनीच काढलेलं, गळ्यात शिट्टी, खिशात घड्याळ. मंडळात सगळ्यांना सायकल चालवता येते, दुरुस्त एकालाही करता येत नाही, असं म्हणून त्यांनी तुला घेतलं. मिठागरातलं काम संपवून तू बांधावरून रोज सायकलनं पनवेलला यायचास आणि वाटेत कुणाची सायकल आडवी दिसली की उतरायचास, हे त्यांनी पाहिलं होतं. तुला सभासद करून घेतलं खरं, पण पहिल्या दिवशी चहा फिरला तेव्हा तू खोलीच्या बाहेर पायरीवर बसलास आणि तुला आत ये असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी पहिल्या मिनिटापासून तुला अरे-तुरे केलं आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालास. आता तुम्ही म्हणायला लागलो तर तूच हसशील, म्हणून म्हणत नाही.

मंडळाची पद्धत अशी, की नव्या माणसाला पहिल्या फेरीत नाका नाहीतर शेपूट. शेपूट म्हणजे सगळ्यांत शेवटी राहायचं, पिशवी घेऊन, कुणाचं काही मोडलं तर जोडायला. नाका म्हणजे जिथे रस्ते फुटतात तिथे उभं राहायचं, प्रत्येकाला हात करून वाट दाखवायची, आणि शेपूट येऊन गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. अप्पांनी मला दोनदा बजावलं. फेरी होती कर्नाळ्याची. तुला शेपूट दिलं आणि मला पळस्प्याचा नाका. एका बाजूला पुण्याचा रस्ता, दुसऱ्या बाजूला पेणचा, आणि मध्ये हाफपँट घातलेला मी.

हाफपँटचा उल्लेख मुद्दाम केला. अप्पांचा नियम होता, धोतर चेनमध्ये अडकतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत माझ्या काटकुळ्या पायांवर उभा होतो. सगळे हात करत, हसत पेणच्या रस्त्याला लागले. शेवटी तू आणि दत्तू शिंपी राहिलात. तुमचा पत्ता नव्हता. दत्तूची चेन तुटली होती, तू ती वाटेत बसून जोडलीस आणि दत्तू तिथूनच घरी परतला, हे मला नंतर कळलं. उन्हं वर आली. नाक्यावरच्या हॉटेलातली माणसं माझ्याकडे बघून काहीबाही बोलत होती. आणि तेवढ्यात एसटी येऊन थांबली.

खिडकीत आमच्या हेडमास्तरांच्या पत्नी. त्यांच्या मागे माझ्याच वर्गातली दोन पोरं, तोंडावर हात दाबून हसत होती. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," मी म्हणालो.

सांगायला काय झालं होतं? मंडळाची फेरी आहे, एक माणूस मागे राहिलाय, त्याच्यासाठी थांबलोय. पण मिठागरातल्या हसुरामची वाट बघत मी अर्ध्या चड्डीत रस्त्यावर उभा आहे, हे माझ्या तोंडून निघेना. एसटी गेली आणि मला तिथे एक क्षणही थांबवेना. मनात म्हटलं, दत्तू परत गेला असेल, तूही गेला असशील. आणि आलात तरी पाटी आहे की रस्त्यावर. हॉटेलच्या ओट्याला पाय टेकवून मी सायकलवर चढलो आणि कर्नाळ्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

पायथ्याशी सगळे झाडाखाली बसले होते. अप्पांनी विचारलं, शेपूट नाक्यावरून गेलं का? मी म्हटलं, येतोय मागून. पहिलं खोटं इतकं सहज निघालं, की ते खोटं आहे हे मलाही जाणवलं नाही. मग तू आला नाहीस. डबे उघडले, जेवणं झाली, किल्ल्याच्या सुळक्याची सावली सरकली, तरी तू आला नाहीस. अप्पा सारखे घड्याळ बघत होते. मी मान खाली घालून लाडू खात होतो.

दुपार कलली तेव्हा तू आलास. घामानं निथळलेला, पायाला धूळ, सायकल हातात धरून. अप्पा कडाडले, कुठे होतास? तू म्हणालास, चौकापावत गेल्तो. चौक म्हणजे पुण्याच्या रस्त्याला, पळस्प्यापासून पार दुसऱ्या टोकाला. त्यावर जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. अप्पा माझ्याकडे वळले. तुम्ही होतात ना नाक्यावर?

"होतो की," मी म्हणालो. "हातसुद्धा केला. पाटी वाचता आली नसेल त्याला."

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं? पहिलं पुरे होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही म्हणता येत नाही, कारण मी ते विचार करून बोललो. ते बोललं की सगळे माझं खरं धरतील, हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं. मास्तर म्हणतोय आणि मिठागरवाला निरक्षर, मग चौकशी कशाला?

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नव्हे. ते पाहणं मला तेव्हा उमगलं नाही, तुझ्या दहाव्यापर्यंत उमगलं नव्हतं. हरवलेली वस्तू घरातच सापडली की माणूस बघतं तसं काहीसं होतं ते. मग तू हसलास आणि अप्पांना म्हणालास, "हां. वाट चुकलो."

कुणीतरी म्हणालं, या पुणेकर, बसा. आणि तू पुणेकर झालास.

ते नाव मंडळातून बाजारात गेलं, बाजारातून मिठाच्या गोदामात. पुणेकर, आज कोणीकडे? पुणेकर, पाटी बघून जा हो. तू सगळ्यांबरोबर हसायचास. मी तुला त्या नावानं कधी हाक मारली नाही आणि एवढ्यावर स्वतःला सभ्य समजत राहिलो. जसा काही शिंतोडा मी उडवला नव्हता, फक्त पुसला नव्हता.

वर्षभरानं एक दिवस तू माझ्या दारात आलास आणि म्हणालास, मना वाचाया शिकवा. पाटी वाचता आली पायजे. मला वाटलं, तू टोमणा मारतोयस. चोराच्या मनात चांदणं. पण तू खरंच पाटी-पेन्सिल घेऊन आला होतास. दर गुरुवारी संध्याकाळी तू पडवीत बसायचास. मिठानं भेगाळलेली तुझी बोटं पेन्सिल अशी धरायची, की मला वाटायचं आता मोडणार. तू आधी गावांची नावं शिकलास, मग तुझं नाव, मग वर्तमानपत्राचे मथळे. शेंगांच्या दिवसांत टोपलीभर वाल आणून आईपुढे ठेवायचास. आई म्हणायची, किती रे उपकार मानतो हा माणूस तुझे. मी उठून आत जायचो.

आणि तुझ्या गोष्टी. 'क' गिरवता गिरवता तू बापाबरोबरच्या मिठाच्या गाड्यांची हकीकत सांगायचास. लहानपणी गाडीत मिठाच्या गोणींवर झोपून तू कितीदा तरी चौकावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला होतास, आणि पेणलाही. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या उतारावर बैल बिचकतात, तुला सगळं पाठ होतं. मी ऐकायचो, तुझ्या काना-मात्रा दुरुस्त करायचो. ज्याला तो रस्ता डोळे मिटून माहीत आहे तो दिवसाउजेडी पळस्प्याला वाट चुकला कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या फक्त. मी पोरांना बेरीज शिकवतो, हसुराम.

आपलं भांडण म्हणावं असं एकच झालं. वार्षिक सभेत तू उभा राहिलास. एरवी तू सभेत बोलत नसायचास. म्हणालास, नियमात येक गोष्ट घाला, नाक्यावरचा मानूस नाय दिसला तं पयला त्याला बगायचा, मंग फुडं जायचं. चिटणीस तेव्हा मी होतो. मी म्हटलं, नाक्यावरचा माणूस नाका सोडतच नाही, असा प्रसंग येणार कसा? तू म्हणालास, सोडत नाय, पन समजा. मी म्हटलं, समजा-बिमजा नियमात चालत नाही. कुणीतरी म्हणालं, पुणेकर, तू पाटी वाच म्हणजे झालं. सगळे हसले, तूही हसलास आणि बसलास. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या खेपेला घरी जाताना तू विचारलंस, "मास्तर, लिवाया काय जातं?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तू माझी जखम मुद्दाम खरवडतोयस असं मला वाटत होतं. मला चारचौघांत उघडं पाडायची ती तुझी गोड रीत आहे, असं मी धरून चाललो होतो. त्या वर्षी मी महिनाभर तुझ्याशी तुटक वागलो, तेही तुझ्या लक्षात असेल.

मग तुझ्या दहाव्याला गावात आलो. विधी उरकल्यावर वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, मी समोर. मी पिशवीची गोष्ट काढली, हसुराम मंडळासाठी किती करायचा वगैरे. शोकसभेत म्हणतात तसलं. वहिनी म्हणाल्या, हां, पयल्याच दिवशी पाय सुजवून आल्ते. दिवेलागणीला घरी आला होतास तू. त्यांनी कढत पाण्यात पाय ठेवायला सांगितले आणि विचारलं, एवढं कुठे गेला होतात?

"म्हनले, येक नवा मास्तर हरवला. नाक्यावर पायजे व्हता, नाय दिसला. पेनच्या वाटंवर बाकीची हायती, तिकडं गेला असंल तं कोनतरी बगंल त्याला. पुन्याच्या वाटंवर त्याला कोन हाय? म्हनून चौकापावत बगत गेलो." वहिनींनी पदर सारखा केला. "मी इचारलं, मिलला का? म्हनले, मिलला. बरा हाय."

हसुराम, त्यांना माहीत नव्हतं तो मास्तर कोण. तू नाव सांगितलं नव्हतंस. मी तुझ्या घरी किती वेळा जेवलो, वहिनींच्या हातची तांदळाची भाकरी मागून घेतली, आणि त्यांना माहीत नव्हतं.

तू वाट चुकला नव्हतास. इतकी वर्षं मी एवढंच पाप माझ्या खात्यावर धरलं होतं, की मी नव्हतो म्हणून तू भलतीकडे गेलास. ते लहान पाप होतं, त्याच्याबरोबर मला राहता येत होतं. तू मला शोधायला गेलास. चौकापर्यंत प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक पारावर विचारत गेला असशील, एक बारीक मास्तर दिसला का, उंच सायकलवर? मग उन्हातून सगळं परत आलास आणि बघतोस तर मी झाडाखाली लाडू खातोय, वर म्हणतोय, पाटी वाचता आली नसेल. आणि तू म्हणालास, वाट चुकलो. नव्या माणसाची पहिल्या दिवशी लाज जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तूही नवाच होतास की रे.

आणि तो नियम. त्यात मी कुठेच नव्हतो. पुन्हा कुणी नाक्यावरून नाहीसं झालं तर त्याला शोधायला कुणीतरी जावं, एवढंच तुला हवं होतं. मी मात्र तीन वर्षं स्वतःचीच अब्रू सांभाळत बसलो.

वहिनींना मी तिथेच सांगितलं, तो मास्तर मी. त्या म्हणाल्या, असंल, आणि भात वाढायला उठल्या.

रविवारी शोकसभा झाली. अप्पा काठी टेकत आले. आता त्यांना दिसत कमी, ऐकू अजून चांगलं येतं. यमुना दारात बसली होती, पायरीवर, तुझ्याच जागी. मी उठून तिला आत बोलावलं. सोळा वर्षं उशिरा, पण बोलावलं. ती आली नाही, हितं बरं हाय म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. हेडमास्तरीणबाई, 'कुणाची नाही', पाटीचं वाक्य, चौक, सगळं. सांगताना मध्ये दोनदा मला ते थोडं गोड करून सांगावंसं वाटलं. सुंभ जळतो, पीळ जात नाही. पण दारात यमुना होती.

अप्पा म्हणाले, वकील असून मी त्या दिवशी एका साक्षीदाराची उलटतपासणी केली नाही. मग त्यांनी नियमांची वही मागवली आणि माझ्यापुढे सरकवली. मी तुझा नियम लिहिला. तुझ्याच शब्दांत लिहिणार होतो, पण मास्तरी आडवी आली. खाली मात्र सुचवणाऱ्याचं नाव घातलं, हसुराम घरत.

निघताना यमुनानं मला थांबवलं. म्हणाली, "सोला वरसां तुमी बाबांना दर आटवड्याला भेटत व्हता नं?"

मी हो म्हटलं. ती चप्पल घालून निघून गेली. मला तिच्याकडे माफी मागायची होती, पण ती मागायचा हक्कही तुझ्याबरोबर गेला. ज्याच्याकडे मागायची तो दर गुरुवारी माझ्या पडवीत पाटी घेऊन बसत होता, आणि मी त्याला वेलांट्या शिकवत होतो.

काल, पुढच्या रविवारी, कर्नाळ्याची फेरी होती. मी अप्पांना म्हटलं, नाका मला द्या. चिटणीस म्हणाला, मास्तर, नाका नव्या माणसाचा असतो. अप्पा म्हणाले, देऊन टाक.

तीच जागा. हॉटेल आता पत्र्याचं आहे, गाड्या वाढल्यात. मी हाफपँट घातली होती. पाय तसेच काटकुळे आहेत, वर पोट आलंय. सगळे हात करून पेणच्या रस्त्याला लागले. शेपटाला चिटणीस होता, तुझी पिशवी खांद्याला लावून. चला मास्तर, सगळे झाले, असं म्हणून तोही पुढे गेला. नियमाप्रमाणे मीही निघायला हवं होतं. मी उभाच राहिलो, पुण्याच्या रस्त्याकडे तोंड करून.

एसटी येऊन थांबली. खिडकीतून एक ओळखीचे गृहस्थ, माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील, डोकं बाहेर काढून म्हणाले, "काय मास्तर, कुणाची वाट बघताय?"

"हसुराम घरतची," मी म्हणालो.

त्यांना ते नाव ओळखीचं वाटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि एसटी सुटली.